एकाच परातीतला प्रयोग

"सर, या प्रयोगात चूक व्हायला जागाच नाही!" डॉ. रजतने आपल्या गाईडला छातीठोकपणे सांगितलं होतं.

पांढरकवड्याच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाची धूळ खाऊन बायांच्या श्वासनळ्या सुजतात. अँटिबायोटिकने ती सूज उतरते का, एवढंच बघायचं. निम्म्या बायांना खरं औषध, निम्म्यांना हुबेहूब तशीच पिठीसाखरेची कॅप्सूल. कोणाला कोणती, हे खुद्द रजतलाही ठाऊक नाही. प्रत्येकीच्या नावाची वेगळी डबी! घाई मात्र होती. भाव इतके पडलेले, की लोक कापूस घरातच दाबून बसले होते. जिन बंद पडलं की धूळ गेली, आणि धुळीबरोबर रजतची एम.डी.सुद्धा!

रमजान चालू होता, म्हणून कॅप्सूल रोजा सोडताना घ्यायची ठरली. रोजा नसलेली कोकिळाही सगळ्यांसोबतच बसायची.

शेवटच्या तपासणीला रजतने एकेकीला नळीत फुंकायला लावलं आणि डोक्याला हात लावला. सगळ्यांचीच सूज थोडी उतरलेली, पुरती कोणाचीच नाही!

"जैबुनबी, डब्या आणा पाहू!"

बायांची मुकादम जैबुनबी शांतपणे म्हणाली, "त्या धुतल्या. एकीत जिरं हाय, एकीत हळद."

"आणि कॅप्सूल?"

"ह्या काय, परातीत! समद्या एकत्र केल्या. खजुरासंग वाटतो."

"काहून?" रजत किंचाळला. रागात त्याचीही बोली गावावर गेली.

"कोकिळेचा खोकला चार दिवसांत बसला, अलफियाचा नाही बसला. तिनं काय घोडं मारलं होतं? एका दस्तरखानावर एकीले एक न दुसरीले दुसरं, असं वाढत नाही आमी!"

"अहो, निम्म्या डब्यांत औषधच नव्हतं! साखर होती! पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी!"

"सांगतलं होतं," अलफिया म्हणाली. "पण आमाले वाटलं, तुमी गंमत करून राह्यले. डाक्टर कायले साखर देईन?"

रजत मटकन सरकीच्या पोत्यावर बसला. त्याचा रडवेला चेहरा पाहून जैबुनबीला खरंच कणव आली. तिने त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

"जाऊ द्या, डाक्टर. पुढच्या साली अजून करू. फक्त तवा समद्या खऱ्याच आणजा, म्हंजे वाटायची भानगडच नाही!"

आणि सरांना काय तोंड दाखवायचं या विचाराने घामाघूम झालेल्या रजतला क्षणभर ही सूचना चक्क पटली!