एकशेवीस सॉसेजांचा हिशोब

ओपल टटलच्या घरात उष्टंमाष्टं काही उरत नाही, हे आयोवातल्या त्या गावात कुत्र्यांनाही ठाऊक होतं. कुत्री तिच्या कुंपणाशी थांबतच नसत!

एकाच गोष्टीने तिला जन्मभर छळलं होतं. सॉसेजचा पुडा दहाचा, लांबट पावांचा आठाचा आणि कागदी ताटल्यांचा बाराचा. ताटलीत एक पाव, पावात एक सॉसेज असं मांडत गेलं की काहीतरी उरायचंच. हे पुडे बांधणाऱ्यांना घरी बायका नसाव्यात, असं तिचं मत होतं.

यंदा सप्टेंबरातल्या लेबर डेच्या सुट्टीच्या आदल्या रविवारी या तिघांना वठणीवर आणायचं, असं तिने ठरवलं. नवरा व्हर्नन गेल्यापासून अंगणातली शेगडी पेटली नव्हती, आणि तिन्ही मुलंही एकदम घरी आली नव्हती. तिने तिघांना फोन केले. ‘या’ असं कुणालाच म्हणाली नाही. विनवण्या करणाऱ्यातली ती नव्हेच. सॉसेज भाजणार आहे, एवढं कळवलं. थोरल्या रसेलचं छप्पर गळत होतं, जॉइसच्या मुलाचा सामना होता, आणि धाकट्या डेलचं नेहमीचं ‘बघू’.

“बघ,” म्हणून ओपलने फोन ठेवला आणि राजम्याची बरणी काढली. कुणी येवो न येवो, हिशोब लागलाच पाहिजे!

शाळेत याला लसावि म्हणतात. पण तो शिकवायच्या आधीच ओपलला गाई दोहायला घरी बसवलं होतं. तिने फरशीवर राजम्याच्या दाण्यांच्या तीन रांगा धरल्या, सॉसेजची, पावांची आणि ताटल्यांची. जी रांग मागे पडेल तिला एका पुड्याचे दाणे जोडायचे. चाळीसला सॉसेज आणि पाव गळ्यात गळे घालून भेटले, पण ताटल्या आगाऊपणे अठ्ठेचाळीसवर जाऊन बसल्या. साठाला सॉसेज-ताटल्यांचं जमलं, तर पावांनी पाठ फिरवली.

“अगदी माझ्या पोरांसारखे,” ओपल म्हणाली. ऐकायला कुणी नव्हतं.

रांगा दारातून बैठकीत शिरल्या आणि व्हर्ननच्या रिकाम्या खुर्चीखाली तिन्ही एका रेषेत थांबल्या. एकशेवीस! ओपल गुडघे धरून तिथेच बसून राहिली. किती दिवसांनी या घरात तिघं एकत्र जमले होते.

शनिवारी ती दुकानातून बारा पुडे सॉसेज, पंधरा पुडे पाव आणि दहा पुडे ताटल्या घेऊन आली. गल्ल्यावरच्या मार्जने पाहुणे किती, असं विचारलं. तुला बोलावलेलं नाही, एवढंच उत्तर तिला मिळालं. मार्जने लगेच जॉइसला फोन लावला. जॉइसने रसेलला सांगितलं की आईच्या डोक्यावर परिणाम झालाय. रसेलने डेलला सांगितलं. डेलला वाटलं, आई लग्न करतेय!

रविवारी दुपारी तीन गाड्या एकापाठोपाठ दारात थांबल्या. अंगणात धुरात उभी राहून ओपल एकटीच सॉसेज उलटत होती. नवरदेव कुठेच दिसेना. डेल तळघरातही डोकावून आला.

मग तिघांनी तिला घरात खुर्चीत बसवून चौकशी मांडली. एकशेवीसच का, असं रसेलने हळूच विचारलं, वेड्याला विचारतात तसं. ओपलने दहा, आठ आणि बाराचा हिशोब न अडखळता मांडला. पडताळताना दोन ठिकाणी रसेल चुकला, तेव्हा त्यालाही सुधारलं.

रसेलने सुस्कारा सोडला. “आईचं डोकं माझ्यापेक्षा धड आहे. चला.” त्याने किल्ल्या उचलल्या. जॉइसने पर्स घेतली, डेल तर दारापाशी पोचलाही.

ओपलने तिघांकडे पाहिलं. जन्मात कुणासमोर ती चुकली नव्हती. त्याच सकाळी चर्चमध्ये पाद्रीबाबांचं प्रवचन दुरुस्त करून आली होती.

“शेवटचं एक विचारते, आई,” जॉइस म्हणाली. “आज वार कोणता?”

ओपलची नजर रसेलच्या हातातल्या किल्ल्यांवर गेली.

“मंगळवार.”

रसेलने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. डेल परत आला. जॉइसने आईचा हात हातात घेतला आणि आज रात्री सगळे इथेच राहणार, असं डोळे पुसत जाहीर केलं.

“राहा हवं तर,” ओपल म्हणाली. “मला काय, मंगळवारी कामं नसतात.”