टमाट्याचं रेशमी पांघरूण

गोरक्षनं वाफ्यावरचं गोणपाट उचललं आणि तो जागच्या जागी मटकन बसला. काल संध्याकाळी ताठ उभी असलेली टमाट्याची रोपं दंवानं जड झालेल्या गोणपाटाखाली चेंगरून जमिनीला चिकटली होती. पौषाचा कडाका पडला होता. मोट ओढणाऱ्या बैलांच्या नाकातून वाफा निघत होत्या, आणि केडगावातला प्रत्येक माळी येताजाता त्याला एकच विचारत होता, "गोरक्षा, रोपं कधी देतोस?"

चूक गोरक्षचीच होती. दिवाळीत पारावर बसून तो छातीवर हात मारून बोलून बसला होता, की अवंदा कडाक्याच्या थंडीत रोपं तयार करून दाखवतो. लोकांनी लगेच जमिनी नांगरल्या, खत टाकलं. खुद्द पोलीस पाटील आप्पासाहेबांनी मळ्याचा एक तुकडा मोकळा ठेवला. आणि इकडे गोरक्षला वाफ्यावर काय पांघरावं हेच उमजत नव्हतं.

पहिल्या वाफ्यावर त्यानं उसाचं पाचट घातलं. ऊब मिळाली, पण उजेड मिळाला नाही. रोपं दुखण्यातून उठलेल्या माणसासारखी पांढरीफटक आणि लांबमानी झाली आणि एका दुपारी मुकाट्यानं आडवी झाली. दुसऱ्यावर त्यानं करडईच्या तेलात बुडवलेले जुने कागद अंथरले. उजेड झकास झिरपला; पण तेलाच्या वासानं गावची कुत्री गोळा झाली आणि कागद चाटता चाटता वाफा तुडवून गेली. वर बायकोनं, लंकाबाईनं ऐकवलं ते वेगळंच.

"फोडणीला थेंब न्हाई घरात, आन तुमी कागदं तळताय व्हय?"

आता गोणपाटाखालचा तिसराही गेला होता. शेवटचा, चौथा वाफा तेवढा उरला होता, आणि बियाणं संपलं होतं.

त्याच दिवशी गनीभाई सायकलवरून आला. गनीभाई लष्कराच्या लिलावातला जुनापाना माल घेऊन नगरच्या बाजारात विकायचा. फुटके कंदील, पट्टे, बूट, काय वाटेल ते. त्यानं मागं बांधलेलं गाठोडं सोडलं, आणि आतून पांढरंशुभ्र, सळसळतं कापड बाहेर पडलं. पडलं ते पडतच राहिलं. सगळं अंगण भरलं तरी संपेना.

"हे काय गनीभाई?"

"पॅराशूट. इमानातून गोरा उडी मारतो ना, त्याची छत्री. लढाई संपली, आता उडी कोन मारतो? तू टमाट्यावर घाल. उजेड येईल, थंडी न्हाई येनार."

"आन ह्याचं काय द्यायचं?"

"पयली पाटी माझ्या घरी धाड, बस्स."

गोरक्षनं बांबूच्या कामट्या वाकवून वाफ्यावर कमानी रोवल्या आणि वरून ते कापड चौपदरी घडी घालून ताणलं. जमिनीवर हातभर उंचीचं रेशमी घरच उभं राहिलं. चार दिवसांत रोपांनी मान वर काढली. आठवड्यात पानं तुकतुकीत हिरवी झाली. गोरक्षनं पुन्हा पाराकडं जायला सुरुवात केली.

पण त्या वर्षी कापड कंट्रोलवर होतं. दुकानापुढं रांगा लावूनही बायकांना धड लुगडं मिळत नव्हतं. शेजारची गोजरबाई कमरेवर हात ठेवून वाफ्यापाशी उभी राहिली.

"गोरक्षा, माझ्या पोरीला लग्नात घालाया चोळी न्हाई, आन तू टमाट्याला रेशीम नेसवतोस?"

"मावशी, रोपं मेली तर गाव मला लुगडं नेसवंल!"

गोजरबाई रेशमावरून एकदा बोट फिरवून निघून गेली. तिचं ते बोट फिरवणं लंकाबाईनं पाहिलं. गोरक्षनं नाही पाहिलं. त्यानंतर वाफ्यात उजेड जरा जास्त येऊ लागल्यासारखं त्याला वाटलं. तो खूश झाला. "वापरून वापरून कापड मऊ पडतंय," तो लंकाबाईला म्हणाला.

"व्हय," लंकाबाई भाकरी थापता थापता म्हणाली, "लई मऊ हाय."

मग एका दुपारी गावात दवंडी पिटली. लष्कराच्या स्टोअरातून पॅराशूटं चोरीला गेली आहेत. ज्याच्याकडं लष्करी माल असेल त्यानं चावडीवर आणून दाखवावा. उद्या लष्कराची गाडी गावात येणार आहे. माल दडवील त्याला बेड्या पडतील.

गोरक्षच्या हातातलं खुरपं गळून पडलं. तो तसाच गनीभाईला गाठायला नगरात पळाला. गनीभाई पाथर्डीला भाच्याच्या लग्नाला गेला होता. माल लिलावातला की आणखी कुठला, हे त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. घामानं निथळत गोरक्ष परतला तेव्हा दिवस कलायला लागला होता.

"लंके, ऊठ! ते कापड काढ. आत्ताच्या आत्ता!"

"आन रोपं?"

"रोपं मरंनात! मी मेलो तर रोपांना पानी कोन घालंल?"

त्यानं धावत जाऊन कापडाचं टोक धरलं आणि ओढलं. एवढं मोठं धूड ओढायचं म्हणून त्यानं पाय रोवून जोर लावला होता, त्यामुळं तो कापडासकट उताणा पडला. कापड पिसासारखं हलकं झालं होतं. त्यानं उलटून पाहिलं, पालटून पाहिलं. चार पदरांतला एकच पदर उरला होता.

"बाकीचं कुठंय?"

लंकाबाईनं पदर सावरला. "गावात."

"गावात म्हंजी?"

"अंगावर."

गोरक्षनं हातातलं कापड पुन्हा झटकून पाहिलं.

"गोजरबाईच्या पोरीला दोन चोळ्या," लंकाबाई शांतपणे सांगू लागली. "मग राहीबाई आली, तिला कसं न्हाई म्हनू? मग तिच्या जावा. मग वरली आळी. पाटलीनबाईंनी सोता मानूस धाडलं, तवा…"

"पाटलीनबाई? पोलीस पाटलाच्या घरात चोरीचा माल?"

"पाटलीन झाली म्हनून हौस नस्ती व्हय?"

गोरक्षनं कपाळाला हात लावला. मघापर्यंत तो एकटा चोर होता. आता अख्खं केडगाव चोर होतं, आणि चोरांचा म्होरक्या तो. पण बसून चालणार नव्हतं, थंडी उतरायला लागली होती. उरलेला पदर लंकाबाईनं गोधडीची शिवण उसवून आत कोंबला आणि वरून टाके घातले. वाफ्यावर घालायला मग काहीच उरलं नाही, तेव्हा तिनं स्वतःचं जुनं, नेसून नेसून जाळीदार झालेलं लुगडं कामट्यांवर पसरलं.

दुसऱ्या दिवशी केडगावात एक अजब प्रकार झाला. ऊन चांगलं चढलं तरी पाणवठ्यावर एकूणएक बाई घोंगडी पांघरून आली. हंडा उचलताना हात बाहेर काढायला कुणी तयार नव्हतं. घामानं चेहरे डबडबले होते, पण "थंडी लई पडलीया बाई," असं जी ती दुसरीला सांगत होती.

आणि जीप आली. चावडीपाशी थांबली, आप्पासाहेब पाटलांना घेतलं आणि धुरळा उडवत सरळ गोरक्षच्या मळ्याकडं वळली. गोरक्ष विहिरीच्या कडेला उभा होता. उडी मारावी की नाही याचा विचार पुरा होण्याआधीच गोरा साहेब, हवालदार आणि पाटील त्याच्यासमोर येऊन ठाकले. बांधापलीकडं घोंगड्यांची रांग लागली.

"गोरक्ष तूच का?" हवालदारानं विचारलं.

गोरक्षचा धीर सुटला. "व्हय सायेब. सगळा दोष माजा हाय. बायामानसांकडं काय बी न्हाई. त्या चोळ्या…"

"कसल्या चोळ्या?"

"चोळ्या न्हाई, चाळन्या!" लंकाबाई पुढं आली. "माती चाळायच्या चाळन्या. थंडीनं त्यांची जीभ वळंना झालीया."

पाटलांनी एकदम खोकून घेतलं. त्यांच्या कपाळावरही घाम होता.

साहेबाचं मात्र कुणाकडंच लक्ष नव्हतं. तो वाफ्यापाशी उकिडवा बसला होता. त्यानं लुगड्याचं टोक उचलून आतली हिरवीगार रोपं पाहिली, लुगडं बोटांत धरून चोळून पाहिलं, उन्हाकडं धरून पाहिलं. मग उठून तो हवालदाराशी भराभरा बोलू लागला. त्या सगळ्या बोलण्यातून गोरक्षला एकच शब्द कळला, पॅराशूट. तो दोनदा आला. गोरक्षनं दोन्ही हात पुढं केले, बेड्या घालायला सोपं जावं म्हणून.

"हात कशाला पुढं करतोस?" हवालदार म्हणाला. "ऐक. साहेबांनी बंगल्यामागं टमाट्याचा वाफा केलाय. थंडीसाठी स्टोअरातली पॅराशूटं आणून रोपांवर टाकली, तरी सगळी मेली. पाटील म्हणाले, गावात एकाचीच रोपं जगलीत. म्हणून साहेब बघायला आलेत."

"स्टोअरातली?" पाटलांनी हळूच विचारलं. "म्हणजे ती चोरीला गेलेली…"

हवालदारानं मागं वळून पाहिलं आणि आवाज उतरवला. "चोरी कसली! साहेबांच्या बागेत होती. स्टोअरवाल्याला सांगायचं राहिलं, आणि त्यानं बोंब ठोकली. आता ती निकामी म्हणून कागदावरून काढून टाकलीत. ते जाऊ द्या. साहेब विचारतात, हे कापड कुठल्या गिरणीचं?"

लंकाबाईनं क्षणभर विचार केला. "त्यांना सांगा, ह्ये असं गिरनीत मिळत न्हाई. ह्याला धा वर्सं नेसावं लागतं."

हवालदारानं ते इंग्रजीत सांगितलं. साहेबानं मोठ्या आदरानं मान हलवली आणि तो आणखी काहीतरी बोलला.

"साहेब म्हणतात, असली जुनी लुगडी मिळतील का? बदल्यात ती पॅराशूटं देतील. जीपमध्येच आहेत, मघाशी टाकूनच द्यायला निघालो होतो."

गोरक्षला आता राहवेना. साहेबानं कापड नुसतंच रोपांवर टाकलं असणार, कमानीच केल्या नसणार. "सायेब, कापडाचं काय न्हाई, कामट्या…" त्यानं सुरुवात केली, पण लंकाबाईची टाच त्याच्या अंगठ्यावर अशी पडली की पुढचा शब्द घशातच राहिला.

बांधापलीकडची घोंगडी भराभर गळून पडली. गोजरबाई सगळ्यांच्या पुढं होती.

"एका छत्रीला किती लुगडी?" तिनं हवालदारालाच दरडावून विचारलं. "दोनच्या वर मिळायची न्हाईत, सांगून ठेवते. जुन्या लुगड्याला लई मागनी हाय!"

जीप परत गेली तेव्हा मागच्या बाकावर केडगावच्या लुगड्यांचा ढीग होता आणि साहेब त्यावर हात ठेवून समाधानानं बसला होता. सगळ्यात वर लंकाबाईचं होतं. साहेबानं ते वाफ्यावरूनच हौसेनं उचलून घेतलं होतं. पॅराशूटं मळ्यातच फाडून वाटली गेली. पाटलीणबाईंचं माणूस दोनदा येऊन गेलं.

सूर्य डोंगराआड गेला आणि झोंबरा वारा सुटला. गोरक्षनं वाफ्याकडं पाहिलं. कामट्यांच्या बरगड्या उघड्या पडल्या होत्या आणि आत रोपं कुडकुडत उभी होती.

"लंके, आपल्या वाटनीचं कापड आन."

"ते राहीबाईच्या सुनंला दिलं. पयलटकरीन हाय."

"आन गोधडीतलं?"

"ते गोधडीसकट गोजरबाईनं न्हेलं. मांडवात पाव्हन्यांना बसाया."

गोरक्षनं एक लांब उसासा सोडला. मग डोक्यावरचा पटका काढला, त्याचे वेढे सोडवले आणि बोडक्या डोक्यानं वाकून तो कमानींवर पसरायला लागला. दुसरं टोक धरायला लंकाबाई आली. तिनं कापड ताणलं, अंगठ्यानं जरा चाचपलं आणि डोळे बारीक करून त्याची लांबी पाहिली.

"सूत बरं हाय की हो ह्याचं," ती म्हणाली.

गोरक्षनं आपल्याकडचं टोक दोन्ही हातांनी घट्ट धरलं.