सगुणाआत्याचा धवला आणि परवडणारा इक्वलायझर

मनुष्यप्राण्याचा आवाज जन्मतःच सदोष असतो, हे आता सर्वमान्य झालेलं आहे. कुणाचा नाकातून येतो, कुणाचा पोटातून, आणि काहींचा तर चक्क गळ्यातून येतो. (हा शेवटचा प्रकार रेकॉर्डिंगच्या दृष्टीने सर्वात त्रासाचा.) हा दोष घालवण्यासाठी इक्वलायझर नावाची पेटी असते. तिची बटणं फिरवून आवाजातला घुमारा कमी करायचा, धार वाढवायची आणि डोळे मिटून मान हलवायची. मान हलवणं सक्तीचं आहे.

डोंबिवलीशेजारच्या कोपरच्या संदेश भोईरला अशी पेटी हवी होती आणि कारणही सज्जड होतं. धाकट्या बहिणीचं, दक्षताचं, लग्न मे महिन्यात ठरलेलं. त्यांची सगुणाआत्या धवलारीण. म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंत जे धवले गातात, ते सगळे तिला तोंडपाठ. पण हल्ली हळदीला डीजे असतो, आणि डीजेपुढे आत्या गायली काय किंवा जांभई दिली काय, शेजारणीलाही कळत नाही. म्हणून दक्षताने दिवाळीतच सांगून ठेवलेलं, "दादा, मला फ्रिज नको, दागिना नको. आत्याचा हळदीचा धवला रेकॉर्ड कर आणि डीजेवर लाव. बस एवढंच."

संदेशच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पुसून तो तडक इक्वलायझर शोधायला बसला.

हेच काम संगणकात फुकट होतं, असा एक अपप्रचार आहे. पण फुकटच्या गोष्टीला बोटांत धरायला बटण नसतं; शिवाय खऱ्या पेटीतून आवाजाला 'ऊब' येते. पेटी परवडणारी हवी, हे ओघानं आलंच. (परवडणारी म्हणजे बायकोला सांगताना जिचा आकडा अर्धा करावा लागत नाही अशी. अशी पेटी अद्याप बाजारात आलेली नाही.) सबब एक निवड समिती स्थापन झाली. अध्यक्ष संदेश. तज्ज्ञ सदस्य पंढरी, याचं ठाण्याला नौपाड्यात वाद्यांचं दुकान. विरोधी पक्ष हेमा, म्हणजे संदेशची बायको.

नौपाड्यात साड्या घरी पसंतीला नेता येतात, तशी पंढरीनं पेट्यांची सोय केली. दर रविवारी एक पेटी मांडीवर घेऊन संदेश ठाण्याहून कोपरला यायचा. मग आत्याला बोलावणं जायचं. तिला बेडरूममध्ये गोधड्यांच्या कपाटाकडे तोंड करून बसवायचं, पंखा बंद, खिडकी बंद, दार बंद.

"गाऊ?" आत्या घाम पुसत विचारायची.

"थांब गं आत्या! अजून पेटी फायनल नाही. नुसतं हॅलो हॅलो कर."

धवला ही पवित्र गोष्ट. ती पसंतीला आणलेल्या पेटीवर वाया घालवणं समितीला मंजूर नव्हतं. त्यामुळे आत्या बापडी "हॅलो हॅलो, एक, दोन, तीन" म्हणायची. पहिल्या पेटीत तिचा आवाज पातळ आला. दुसरीत जाड आला. तिसरीत छान आला, म्हणून संशय आला. चौथीची ऊब तपासताना पंढरीनं पेटीवर तळहात ठेवला आणि म्हणाला, "आहे. भरपूर आहे." (महिना एप्रिल, पंखा बंद. त्या खोलीत डब्यातल्या तांदळालाही ऊब होती.) पाचव्या पेटीनं आवाजाला जी खोली आली तिच्यावर अध्यक्ष आणि तज्ज्ञ तासभर भारावून बोलत होते, तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या हेमानं विचारलं, "अहो, ही वायर नुसतीच लोंबतेय, ती कुठे लावायची असते?"

पेटी जोडलेलीच नव्हती. समितीनं एकमताने ठराव केला, की न जोडता एवढा फरक, तर जोडल्यावर किती!

"आरं, गाना कवा घेशील? घसा सुकला माजा," आत्या म्हणाली. तिचं म्हणणं नोंदवून घेण्यात आलं.

समितीच्या अंदाजानुसार डोंबिवलीतले नव्वद टक्के घरगुती गायक अजून इक्वलायझर निवडत आहेत. उरलेले दहा टक्के नुसतेच गातात. त्यांच्याकडे लक्ष देऊ नये.

आणि बघता बघता हळद आली. पेटी पसंतीतच होती आणि हॅलो हॅलो करून करून आत्याचा घसा पार बसला होता. डीजेवाल्यानं पेनड्राइव्ह मागितला, संदेशनं दिला, आणि मांडवाच्या चारही कोपऱ्यांतून आत्याचा आवाज घुमला, "हॅलो हॅलो, एक, दोन, तीन. संदेश, पंखा लाव रं बाला, मराला झाली मी!"

काय तो आवाज! काचेसारखा स्वच्छ, धारदार, उबदार. डीजेवाल्यानं खाली ठेका सोडला आणि अख्खं वऱ्हाड नाचायला लागलं. मामा नाचले, व्याही नाचले, पंढरी तर डोळे मिटून मान हलवत नाचला. 'पंखा लाव रं बाला' तीनदा वन्समोअर झालं.

तोंडाला हळद माखलेली दक्षता तरातरा आली. "दादा, माझा धवला कुठाय?"

"अगं... पेटी फायनल नव्हती ना."

तिनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग ती ओरडली, "बंद करा तो डीजे!"

डीजे बंद झाला. आत्या उठली, पोरीच्या गालावर हात ठेवला आणि त्या बसक्या, चिरक्या आवाजात धवला म्हणायला लागली. ऐकू येईना म्हणून लोक पुढे सरकले, आणखी सरकले, मांडवभर माणसं तिच्याभोवती खेटून बसली. दक्षता हमसून हमसून रडली, संदेशही रडला. रेकॉर्ड मात्र कुणीच केलं नाही, कारण सगळ्यांचे हात हळदीनं माखलेले आणि मोबाइल महागातले. दुसऱ्या दिवशी आत्यानं जाहीर केलं, की घसा आता साथ देत नाही, कालचा धवला आपला शेवटचा.

ही हकीकत कळव्यापासून कल्याणपर्यंत अनेकांना सांगून झाली. ऐकून सगळे हळहळतात आणि सगळे एकच प्रश्न विचारतात, जो तुम्हीही मघापासून धरून बसला आहात: मग शेवटी पेटी कुठली घेतली? आत्या काय गायली, हे अजून एकानंही विचारलेलं नाही.