दुधीचं कोरं पान

"मुळा अजून जामिनावर आहे. पण गवार निर्दोष सुटली बरं का!"

मंचरच्या हॉटेलात मॅडम हे म्हणाल्या आणि शेजारच्या टेबलावरचा कांद्याचा व्यापारी बशी तोंडाशी नेता नेता थांबला. "लई अवघड झालंय राव," तो सोबत्याला म्हणाला, "आता भाजीवर पन केसी!" मी कपात तोंड लपवलं.

आमच्या मॅडम समाजशास्त्राच्या. एकदा केस झालेल्या माणसाला सुटल्यावरही गाव कसं वागवतं, हा त्यांचा अभ्यास. मी मदतनीस, म्हणजे मुलाखती टेप करायच्या आणि गप्प बसायचं. हे दुसरं काम मला छान जमतं.

खरी नावं फुटू नयेत म्हणून मॅडमनी प्रत्येकाला भाजीचं नाव दिलं होतं. एवढ्यावर थांबल्या नाहीत. ज्याची मुलाखत झाली, ती भाजी खाणं बंद. "गवार तोंडात घेतली की तिची सासू आठवते गं." काम वाढत गेलं तसा त्यांचा डबा डाळीवर आला.

"कोर्ट देतं ती शिक्षा संपते. गाव देतं ती संपत नाही," हे त्या दिवसातून चारदा सांगत. ड्रायव्हरलासुद्धा.

एकदा मी डब्यात दुधी नेला. मॅडमनी झाकण लावून परत केला. दुधीची मुलाखत तर झालेलीच नव्हती! मुलाखतींच्या वहीत पाहिलं, तर त्याच्या पानावर फक्त 'घाटघर'. खाली कोरं. घाटघरला जायचं ठरलं की कधी रस्ता खराब असे, कधी मॅडमचं बीपी वाढे.

मागच्या महिन्यात बाकीची सगळी पानं भरली आणि जावंच लागलं.

दुधीच्या दाराला कडी होती. शेजारची सून अंगणात नाचणी पाखडत होती.

"जेलवाल्याकडं आलाव? गुरांमागं गेलाय, येईल." मग आम्हाला निरखत म्हणाली, "मी नांदाया आले तवापासनं त्याच्याकडं कोनी आलेलं नाय. पावणं कोन म्हनायचं?"

या प्रश्नाचं मॅडमचं उत्तर मला पाठ होतं: "आम्ही कॉलेजातून आलोय." मी टेपच्या बटणावर बोट ठेवलं.

मॅडमनी वही मिटून माझ्या हातात दिली. चपला काढून त्या ओट्यावर बसल्या. आणि मी त्यांच्या तोंडून कधीच न ऐकलेल्या बोलीत म्हणाल्या,

"जेलवाला नको म्हनू, पोरी. म्हादू नाव हाय त्याचं. मी त्याची थोरली भैन."