पिवळ्या धाग्याची पेटी

लेक उजवली की बापाला पुण्य मिळतं म्हणतात, पण उंद्रीच्या वामनरावांचा हिशेब पुण्यावर थांबणारा नव्हता. कोकिळाच्या लग्नाला गावभरून भांडी मागून आणायची आणि एकही न हरवता ज्याची त्याला परत पोचवायची. असं उंद्रीत आजवर घडलं नव्हतं. हे जमलं की येत्या निवडणुकीत सोसायटीचं अध्यक्षपद आपल्या पायांनी घरी येणार होतं. ज्याला पातेली सांभाळता येतात त्याला गोदामही सांभाळता येतं, हे कुणालाही पटण्यासारखं होतं.

भांड्यांवर मालकांची नावं कोरलेली होतीच. वामनरावांना तेवढं पुरेना.

"नावानं भांडं कोनाचं ते समजते," ते बायकोला, गीताबाईंना म्हणाले. "त्याचं करायचं काय, ते कुठं समजते?"

म्हणून त्यांनी धागे काढले. लाल धागा म्हणजे परत द्यायचं. काळा म्हणजे कल्हई उडालेली, आंबट शिजवायचं नाही. पिवळा म्हणजे आंदण, कोकिळाबरोबर सासरी जायचं. लाल आणि काळा दोन्ही असले, तर परत द्यायचं आणि तोवर त्यात कढी करायची नाही. धागे संपत आले तेव्हा आणखी एक नियम निघाला : पेटीला जो धागा, तोच आतल्या सगळ्याला. उघडून बघत बसायचं नाही.

"आन् आतल्या भांड्याले दुसराच धागा असला तं?" गीताबाईंनी विचारलं.

"तसं कोन ठेवीन? येडं?"

लग्नाच्या दिवशी पहिली ठिणगी शेजारच्या सोजराबाईंनी टाकली. "माह्या पातेल्याले काळा धागा काऊन? आमाले कल्हई परवडत नाही, हे साऱ्या मांडवाले सांगून राह्यले का, दादा?" त्यांची समजूत घालता घालता वामनरावांची नजर नवरदेवाकडच्या एका वऱ्हाड्यावर गेली. तो तांब्या उचलून हातात तोलत होता. बिचारा पाणी आहे का ते पाहत होता. पण वामनरावांनी गीताबाईंना बाजूला ओढलं.

"धामणगावचे लोक वजन करून राह्यले भांड्याचं!" ते कुजबुजले. "लाल धाग्याचं सारं धुऊन कुलपात टाका."

घरात कुलपाची पेटी एकच, आंदणाची. तिच्यातली भांडी रुखवतात मांडली होती, म्हणून पेटी रिकामी होती. गावची भांडी तिच्यात गेली. किल्ली वामनरावांनी कमरेला खोचली आणि निर्धास्त मनानं लेकीच्या पाठवणीला रडायला गेले.

सामान चढवायला चुलतभाऊ सहदेव होता. त्यानं रुखवतातली भांडी ट्रकात ठेवली, मग पेटीचा पिवळा धागा पाहिला. उघडून बघायचं नाही, हे त्याला पाठ होतं. चौघांनी मिळून ती उचलली.

"दादानं देल्लं बापा मन मोठं करून!" तो धापा टाकत म्हणाला.

सकाळी सोजराबाई पातेलं न्यायला आल्या. त्यांच्यामागे गुलाबराव, त्यांच्यामागे अर्धी गल्ली.

"पोरगी उजवली का गावची भांडी उजवली, वामनराव?"

"सहदेवा, लाल धागे दिसले नाही का बे तुले?"

"पेटी उघडाची नाही, हे कोनं सांगतलं होतं?"

वामनराव पुढची एसटी धरून धामणगावला पोचले. व्याह्यांच्या अंगणात भांड्यांची रांग लागली होती आणि एक माणूस छिन्नी घेऊन ठकठक करत बसला होता.

"या इवाईबुवा!" हिंमतरावांनी मिठीच मारली. "खरं सांगू? किल्ली नव्हती म्हून कुलूप तोडलं, तं पयले तुमचा संशयच आला. साऱ्या भांड्यावर परक्याची नावं! म्हटलं, चोरीचं आंदण तं नाही? मंग डोक्यात उजेड पडला. उभ्या गावानं अहेर केला पोरीले! म्या लगेच कोरणारा बसवला."

वामनरावांनी वाकून पाहिलं. सोजराबाईंच्या नावापुढे ताजं, चकचकीत कोरलं होतं : 'यांजकडून सौ. कोकिळा हिस सप्रेम भेट'. त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात दारातून कोकिळा हळूच म्हणाली, "बाबा, सासूबाईनं साऱ्या आळीले बोलावून दाखवली. म्हणे, असं माहेर कोनाचंच नाही."

वामनरावांनी उघडलेल्या तोंडात चहा ओतला, तुटल्या कुलपाची किल्ली व्याह्यांच्या हातावर ठेवली आणि तिथून थेट खामगावच्या बाजाराची एसटी पकडली.

आठवडाभरात उंद्रीत घरोघर कोरी भांडी पोचली. गुलाबरावांनी नवं पातेलं उन्हात धरून फिरवून पाहिलं.

"जुन्याच्या बदल्यात नवं कोन देते बापा?" ते पारावर म्हणाले. "एवढा पैसा आला कुठून? अजून तं गोदामाची किल्लीही भेटली नाही याले!"

ते सगळ्यांना पटलं. निवडणुकीत सहदेव निवडून आला. सांगितलं तेवढंच करणारा आणि कुलपात न डोकावणारा गावात तो एकच निघाला.

एकूण जमाखर्च असा : सोजराबाईंना कल्हईचं नवंकोरं पातेलं, हिंमतरावांना दुप्पट आंदण, कोकिळाला मान, सहदेवाला खुर्ची. पैसे भरले सगळे वामनरावांनी, आणि तेही कशापायी हे धामणगावात सांगायची सोय नाही न् उंद्रीत कुणाला खरं वाटत नाही.