गव्हाची एकता

शनिवारी सकाळी एकता स्वतःच्या पँटमध्ये गहू भरत बसली होती.

वेड वगैरे लागलं नव्हतं. कारण होतं, आणि गहू तर घरात भरपूर होता. बाबा रिटायर झाल्यावर आई-बाबा भंडाऱ्याजवळ गावी राहायला गेले, दादा पुण्याला नोकरीला गेला, तरी आई दर एप्रिलमध्ये जबलपूरला यायची, नेहमीच्या दुकानातून चार माणसांचा वर्षाचा गहू घ्यायची, त्यात कडुलिंबाचा पाला घालून कोठी गच्च भरायची आणि जायची. चार माणसांचा! घरात खाणारी एकच, आणि ती रात्री नूडल्स करून गॅससमोर उभ्याउभ्याच खाणारी.

तर पँट. ती साधी पँट नव्हती, रेसची होती. एकता नेपियर टाउनातल्या एका कोचिंग क्लासच्या ऑफिसात मुलांच्या फिया घ्यायची, आणि सुटीच्या दिवशी कुंडमकडच्या जंगलातल्या कच्च्या वाटेवर चिखल उडवत मोटरसायकल पळवायची. ही गाडी तिनं आणि अश्वजीतदादानं मिळून सेकंडहँड घेतली होती. उंच, सडपातळ, दगडांवरून उड्या मारणारी. उद्या रविवारी तिलवाऱ्याच्या पुलापलीकडच्या मैदानात रेस होती, आणि गाडी मागून लाथा मारत होती. प्रत्येक खड्ड्यात एक. सुटीत आलेल्या दादानं चालवताना मागच्या शॉकरची स्प्रिंग स्वतःच्या वजनाप्रमाणे आवळली होती, आणि दादा चांगला जाडजूड माणूस.

स्प्रिंग ढिली करायला काय लागतं? एक पाना. पण किती ढिली करायची ते कळायला तीन माणसं लागतात. एकानं हेल्मेट-बूट सगळं चढवून सीटवर बसायचं. दुसऱ्यानं गाडी सरळ धरायची. तिसऱ्यानं खाली वाकून मोजायचं, की माणूस बसल्यावर गाडी मागून किती दबली. दहा सेंटीमीटर दबली की झालं काम.

पूर्वी एकता बसायची, बाबा धरायचे, दादा मोजायचा आणि आई "चहा थंड होऊन राहिला" म्हणून ओरडायची. आता दादा फोनवर म्हणाला होता, "एकटीनं नसेल होत तर विकून टाकू ना, एकू. सोमवारी एक जण येतो बघायला. माझ्या ओळखीचा आहे."

"होते एकटीनं," एकता म्हणाली होती. "काहून नाही होणार?"

गल्लीत कुणाला विचारायचा प्रश्नच नव्हता. मागच्या वर्षी तिनं सकाळीसकाळी इंजिन चालू करून बघितलं होतं. तेव्हा कॉलनीचे सेक्रेटरी शरच्चंद्र काका पायजम्यावर धावत आले होते आणि "ही रहिवासी वस्ती आहे, रणांगण नव्हे" असं म्हणून गेले होते. तेव्हापासून एकता मान खाली घालून जायची आणि गल्ली तिला न बघितल्यासारखं करायची. समोरच्या सुहासिनी काकू तेवढ्या व्हरांड्यातून मान हलवायच्या. बस, तेवढंच.

म्हणून गहू! एकता सगळा जामानिमा चढवून वजनकाट्यावर उभी राहिली, आकडा बघितला, सगळं उतरवलं आणि अगदी तेवढंच वजन होईपर्यंत पँटमध्ये, जर्सीत, बुटांत गव्हाच्या पिशव्या कोंबल्या. डोक्याच्या जागी उशी, उशीवर हेल्मेट, हेल्मेटवर आरशासारखा चमकणारा गॉगल. मान फारच गव्हासारखी दिसत होती, म्हणून वरून ओढणी गुंडाळली. जबलपुरात ओढणीनं तोंड बांधून गाडीवर बसलेली मुलगी बघून कुणी वळूनसुद्धा बघत नाही. तोंड उघडं असतं तरच लोकांनी विचारलं असतं, काय झालं म्हणून.

तिनं गाडी अंगणात उभी केली, दोन्ही बाजूंनी दोऱ्या बांधल्या आणि गव्हाच्या एकताला उचलून सीटवर बसवलं. मोजलं. सात! स्प्रिंग खूपच कडक होती. पाना लावला तर स्प्रिंगवरची, चिखलानं जाम झालेली रिंग हलेना, आणि तिसऱ्या हिसक्याला पान्याचा आकडाच तुटला.

आता नवा पाना आणायला नेपियर टाउनात जाणं आलं. गव्हाच्या एकताला उतरवून पुन्हा चढवायचं म्हणजे कंबरेचं भजं. "बस इथंच. आली मी," असं तिला सांगून एकता फाटक नुसतं लोटून ऑटोत बसली. फोन घरात चार्जिंगला राहिला.

थोड्या वेळानं सुहासिनी काकू व्हरांड्यात आल्या. समोर एकता गाडीवर.

"काय गं, चालली का कुठं?"

उत्तर नाही.

"ऊन बघ किती आहे. आत बस ना."

उत्तर नाही. काकूंना आधी राग आला. मग त्यांच्या लक्षात आलं की ही पोरगी 'हो काकू, येते काकू' म्हणून निघूनही जात नाहीये. काकू अंगणात आल्या आणि पायरीवर टेकल्या.

"गुडघ्यानं जीव घेतला बघ माझा," काकू म्हणाल्या. "मुलगा हैदराबादहून फोन करते रोज. करते, नाही असं नाही. पण काय विचारते? 'आई, बीपीची गोळी घेतली?' घेतली म्हटलं की 'चलो ठीक है.' ठेवला फोन! मी म्हणते, एखाद्या दिवशी विचार ना, आई भाजी कोणती केली? मी तर मुद्दाम रोज वेगळी करते. कुणी विचारलं तर सांगायला."

गव्हाची एकता ऐकत होती. मध्ये बोलत नव्हती, घड्याळ बघत नव्हती, 'माझ्या मावशीचं पण असंच आहे' म्हणत नव्हती. काकू खुलल्या. गुडघा झाला, मुलगा झाला, कैलासवासी काका झाले, सुनेचा हातही न लागलेला मिक्सर झाला.

तेवढ्यात घरात फोन वाजला. वाजून बंद पडला. पुन्हा वाजला.

"अगं, फोन!" काकू म्हणाल्या. "एकता? बेटा?"

त्यांनी खांद्याला हात लावला आणि किंचाळत फाटकाबाहेर धावल्या. गुडघ्यासकट.

"शरच्चंद्र भाऊ! या हो, या! पोरगी लाकडासारखी कडक झाली! बोलून नाही राहिली!"

शरच्चंद्र काका चष्मा पुसत आले. गाडीसमोर उभे राहून त्यांनी घसा साफ केला. "एकता, खाली उतर. सेक्रेटरी या नात्यानं सांगतो आहे."

एकता ढिम्म.

"मी मागे बोललो त्याचा राग आहे का? अच्छा, शब्द जरा कडक गेला असेल. पण त्याला वर्ष झालं, बाळ."

"हेल्मेट काढून बघते मी," काकू म्हणाल्या.

"हात लावू नका! अपघातानंतर हेल्मेट काढायचं नसतं, मान दुखावते. पेपरात आलं होतं."

"पण अपघात कुठं झाला?"

"ते नंतर ठरवू!"

ते ठरायच्या आत उघड्या फाटकातून गल्लीतली गाय आत आली. डाव्या बुटाची चेन थोडी उसवली होती, आतली पिशवी फाटली होती आणि तिथून गहू सांडत होता. गाईला एवढं पुरे. तिनं बुटात जीभ घातली आणि मनापासून चरायला लागली.

"अगं बाई! गाय पाय खाऊन राहिली पोरीचा!" काकूंनी डोळ्यांवर हात घेतले. "आणि ही हूं का चूं नाही करत!"

"संवेदना गेल्या वाटतं," काका पांढरेफटक पडले. "हट! हट!"

गाय हटली, पण हटताना दोरीला अडकली. दोरी तुटली आणि गाडी कलली. काकांनी हँडल पकडलं, काकूंनी मागून सीट धरली. गाडी सरळ झाली खरी, पण आता दोघांनाही हात सोडता येईना.

"सोडू नका, बरं का!"

"तुम्ही सोडू नका!"

काकांनी एका हातानं हँडल धरून दुसऱ्या हातानं फोन काढला. कॉलनीतल्या सगळ्यांचे नंबर त्यांच्याकडे होते. स्पीकर चालू केला.

"अश्वजीत? मी शरच्चंद्र काका, जबलपूरहून."

"हो काका, जय भीम, बोला ना. एकू फोन उचलून नाही राहिली, मी कधीचा करतोय."

"कशी उचलेल? ती गाडीवर बसली आहे. हलत नाही, बोलत नाही. गाईनं पाय चाटला तरी हलली नाही!"



नेमकी त्याच वेळी खरी एकता नवा पाना घेऊन ऑटोतून उतरली. अंगणात दोन पाठी, मध्ये गाडी आणि फाटकाशी रवंथ करणारी गाय.

"काय झालं?" तिनं काकांच्या मागून विचारलं.

"श्श!" काका मागं न बघता म्हणाले. "एकताला बरं नाही. जरा पाठीशी आधार द्या तिला."

एकतानं आधार दिला. दुसरं काय करणार?

"एकू," फोनमधून दादाचा आवाज आला. अगदी हळू. "ऐकून राहिली ना? सॉरी यार. मी उगाच म्हटलं विकून टाक. नको विकू. मी आज रात्रीच्या गाडीनं निघतो, कसंही करून येतो. मी धरतो ना गाडी. पहिल्यासारखी. बोल ना काहीतरी."

दादा असं कधी बोलत नाही. दादा 'जेवली का, ठीक, बाय' असं बोलतो.

"खरंच येशील, दादा?"

"बोलली!" काका ओरडले. "बोलली ती!"

"पण आवाज मागून आला," काकू म्हणाल्या.

दोघांनी एकदमच मागं वळून बघितलं. मग पुढं. मग मागं. त्या धक्क्यानं गव्हाच्या एकताची मान लवली, हेल्मेट घरंगळलं आणि ओढणीतून उशी बाहेर आली. काकू जे किंचाळल्या, त्यानं गायसुद्धा निघून गेली.

पुढची पाच मिनिटं एकता समजावून सांगत होती. स्प्रिंग, वजन, गहू, पाना.

"म्हणजे," काका एकेक शब्द चावत म्हणाले, "मी इतका वेळ गव्हाची माफी मागत होतो?"

फोनमध्ये दादा हसत सुटला. ठसका लागेपर्यंत हसला. मग म्हणाला, "म्हणजे तू ठीक आहेस?"

"हो."

"काहीच झालं नाही?"

"नाही."

"हुश्श! घाबरवलं यार तू. चलो, टेन्शन नाही. मग मी नाही येत गं, तिकीट पण नाही मिळणार आता. आणि तो सोमवारचा माणूस येईल, त्याला दाखवून दे गाडी. दाखवायला काय जातं?"

एकतानं मान हलवली. फोनमध्ये ते दिसत नाही. ठीक असलं की हे असं असतं. ठीक माणसासाठी कुणी रात्रीची गाडी पकडत नाही.

"झालं ना?" काका म्हणाले. "सोडतो मी आता. हात भरून आले."

"काका, नका सोडू!"

ती जरा जोरातच बोलली. मग हळू. "प्लीज. धरलंच आहे तर... थोडा वेळ धरून ठेवता का? मला बसायचं आहे. आणि काकू, तुम्ही मोजाल? मला एकटीनं नाही होत."

एवढंच वाक्य. ते बोलावं लागू नये म्हणून तिनं अर्धी कोठी रिकामी केली होती.

काकांनी काकूंकडे बघितलं, काकूंनी काकांकडे.

"टेप कुठं आहे?" काकू म्हणाल्या.

गव्हाच्या एकताला खाली उतरवलं. "सावकाश! पाठ सांभाळा तिची!" काका सवयीनं म्हणाले आणि मग खोकले. खऱ्या एकतानं पिशव्या काढल्या आणि कपडे झटकून हेल्मेटसकट चढवले. कोपरात, मानेत, सगळीकडे गहू टोचत होता. ती बसली. काकांनी गाडी धरली. काकू वाकल्या, "आई गं" म्हणाल्या आणि मोजलं.

"सात!"

एकता उतरली, गाडी स्टँडवर घेतली, नव्या पान्यानं रिंग सोडली, पुन्हा बसली. आठ. पुन्हा. साडेनऊ.

"जरा अजून," आता काकाच सांगत होते. "एकता, ताठ बैस. सुहासिनीबाई, टेप तिरपा धरू नका, मिलिमीटरचा प्रश्न आहे!"

"तुम्ही या वाकायला, मग सांगा!"

"दहा," काकू शेवटी म्हणाल्या. "दहा झाले! बरोबर दहा."

फोन अजून चालूच होता. आत दादा ऐकत होता.

"दादा," एकता म्हणाली, "त्या माणसाला नाही म्हणून सांग. गाडी धरायला माणसं आहेत माझ्याकडे."

"फक्त आजच्यापुरती," काका घाईघाईनं म्हणाले. "आणि इंजिन आठच्या आधी चालू करायचं नाही!" एवढं म्हणून, दोन्ही हात झटकत ते घरी गेले.

अंगणात सांडलेला गहू, सुपात तो गोळा करणारी एकता आणि काकू. काकू काही जात नव्हत्या. त्यांनी चार दाणे वेचले, परत टाकले.

"ती दुसरी," त्या म्हणाल्या, "कोठीत घालणार का तिला लगेच?"

"हो ना. काहून?"

"नाही, अशीच." काकूंनी पदराला हात पुसले. "बरी होती. ऐकून घ्यायची."

एकतानं सूप खाली ठेवलं. काढून ठेवलेलं हेल्मेट पुन्हा डोक्यात घातलं, गॉगल डोळ्यांवर ओढला आणि पायरीवर हात मांडीवर ठेवून अगदी स्थिर बसली.

काकूंनी थोडा वेळ तिच्याकडे बघितलं. मग गुडघा धरून शेजारी टेकल्या.

"आज ना," काकू म्हणाल्या, "मी दोडक्याची भाजी केली."