एक फासा कमी

यॉर्क स्टेशन मागे पडलं आणि अमोस मेटकाफचा घास तोंडातच थांबला.

"काय झालं?" नेलीने विचारलं.

"काही नाही."

"मग चाव की. चीज बाहेर येतंय."

अमोसने चावायला सुरुवात केली, पण त्याचं मन सँडविचमध्ये नव्हतं. ते मागे थॉर्नबेक गावात, चर्चच्या दफनभूमीत जाऊन पोचलं होतं. तिथे यंदा सशांनी उच्छाद मांडला होता. थडग्यांवर ठेवलेली फुलं सकाळपर्यंत फस्त व्हायची. जुन्या मेजरसाहेबांच्या थडग्याखाली तर त्यांनी असं बीळ पोखरलं होतं, की आयुष्यभर ताठ उभ्या राहिलेल्या मेजरसाहेबांचा दगड आता कलंडला होता. शेवटी पाद्रीबाबांनी अमोसला बोलावलं. गावात ससे, कोल्हे, घुशी यांचा बंदोबस्त करायचा तर अमोसलाच बोलवायचे. पन्नास वर्षं तो हेच करत आला होता, आणि त्याचा नियम एकच होता. तारेचा फासा लावला, की दुसऱ्या दिवशी उजाडताच जाऊन बघायचा. पाऊस असो, बर्फ असो, अंगात ताप असो. अडकलेल्या जिवाला ताटकळत ठेवायचं नाही. भलतंच जनावर अडकलं असेल तर सोडून द्यायचं.

नियम चांगला होता, पण त्याचा त्रास नेलीला झाला. कुठे ना कुठे फासा लावलेला असायचाच, आणि तो सकाळी बघायचा असायचाच. त्यामुळे लग्न झाल्यापासून दोघं एक रात्रसुद्धा गावाबाहेर राहिली नव्हती. बहिणीच्या लग्नालाही नेली एकटी गेली होती. या वर्षी मात्र ती म्हणाली, "मला समुद्र बघायचाय. चित्रातला नको. ओला." अमोसने ओल्या समुद्राचं कबूल केलं. निघायच्या दिवशी पहाटे जाऊन त्याने सगळे फासे काढून आणले.

सगळे? आता गाडीत डोळे मिटून तो एकेक जागा आठवत होता. फाटकाजवळचा काढला. मोठ्या झाडाच्या मुळाशी लावलेला काढला. मेजरसाहेबांचा काढला. भिंतीला भगदाड पडलंय तिथला...

तिथला काढल्याचं त्याच्या हाताला काही आठवेना. तेवढ्यात नेलीने रस्त्यावरून "बस आली!" अशी हाक मारली होती आणि तो धावत सुटला होता.

समोर नेली खिडकीला नाक लावून बसली होती. "अमोस, समुद्राचा वास इथवर येतो का रे?"

"तो इंजिनाचा धूर आहे."

"असू दे. मी समुद्राचा समजते."

हिला आता परत फिरू म्हणून सांगायचं? अमोसची हिंमत झाली नाही.

समुद्रकाठच्या स्कारबरोमध्ये टॅटरसॉल बाईंकडे त्यांनी खोली घेतली होती. बाई जाडजूड, चौकस आणि पायात मऊ सपाता घालणाऱ्या, त्यामुळे त्या कधी मागे येऊन उभ्या राहतील याचा नेम नसे. टेलिफोन खाली, जिन्यापाशी अरुंद बोळात होता. नेली वर बॅगा उघडत असताना अमोसने गावी, चर्चसमोरच्या पोस्टात फोन लावला.

सिरिल हा गावचा पोस्टमन. फासे लावायची विद्या तो अमोसकडूनच शिकला होता आणि त्याला मास्तर म्हणायचा.

"मास्तर! समुद्र कसाय?"

"ओला आहे. सिरिल, हळू बोल. दफनभूमीत मागच्या भिंतीजवळ एक राहिलाय."

"कोण राहिलाय?"

"फासा रे! आत्ताच्या आत्ता जा. तार मी चिखलाने माखलीय, चमकायची नाही. खुंटी गवतात दडवलीय."

"मग मला दिसणार कशी?"

"नाही दिसणार. चांगला लावलाय." हे सांगताना अमोसच्या आवाजात नकळत अभिमान आला. "हाताने चाचपड. आणि अडकलेला असला, तर आधी डोक्यावर पोतं टाक म्हणजे शांत होतो, आणि मग गळ्याची तार सैल कर."

त्याने फोन ठेवून मागे पाहिलं. टॅटरसॉल बाई हातात टॉवेल घेऊन भिंतीला चिकटून उभ्या होत्या.

"तुमचे टॉवेल," त्या खोल आवाजात म्हणाल्या, आणि पाठ न दाखवता मागच्या मागे स्वयंपाकघरात गेल्या.

संध्याकाळी दोघं किनाऱ्यावर फिरली. नेलीने बूट काढले, मोजे काढले आणि पाण्यात उभी राहून लहान मुलीसारखी किंचाळली. अमोस हसला, पण अर्धाच. थोड्या वेळाने "आलोच" म्हणून तो बोळातल्या फोनकडे पळाला. जेवणाआधी पुन्हा पळाला. तिसऱ्यांदा पळून आला तेव्हा नेली दारातच उभी होती.

"पोट बिघडलंय ना तुझं?"

अमोसला बहाणा आयता मिळाला. "हो. जरासं."

"तरी मी म्हणत होते, गाडीत घाम फुटला होता." मग नेलीने स्वतःसाठी कुरकुरीत तळलेला मासा मागवला आणि अमोससाठी पातळ पेज. अमोस पेज ढवळत माशाकडे बघत राहिला. बदल्यात बातमी तरी चांगली मिळावी, पण तीही नव्हती. सिरिलने अंधार पडेपर्यंत शोधलं, दोन्ही हातांना खाजरी पानं लागली, पण फासा काही सापडला नाही.

"उजाडताच पुन्हा जातो, मास्तर. चर्चची घंटा वाजवणाऱ्या पोरांनाही घेऊन जातो."

"कुणाचा पाय अडकवू नका म्हणजे झालं."

रात्रभर अमोस छताकडे बघत पडला होता. शेजारी नेलीही जागीच होती, हे त्याला ठाऊक नव्हतं. हा माणूस काहीतरी लपवतोय, चोरून फोन करतोय, पेज मुकाट्याने पितोय, म्हणजे दुखणं मोठंच असणार, असं तिच्या मनाने घेतलं होतं.

रविवारी सकाळी नाश्त्याला टॅटरसॉल बाईंनी अमोसच्या बशीत न मागता दोन अंडी जास्त वाढली. "तुमच्याशी माझं काही वाकडं नाही, मेटकाफसाहेब," त्या म्हणाल्या. नेलीने ती अंडी उचलून स्वतःच्या बशीत घेतली आणि त्याच्यापुढे कोरडा पाव सरकवला.

सकाळच्या फोनवरची बातमी आणखी वाईट होती. शोधता शोधता घंटेवाल्यांपैकी एकजण मेजरसाहेबांच्या बिळात कमरेपर्यंत गेला होता. त्याला ओढायला गेलेल्या पाद्रीबाबांची पाठ धरली होती. प्रार्थनेला जमलेलं सगळं गाव आता शोधायला लागलं होतं.

"प्रवचन आज पाच मिनिटांत आटपलं, मास्तर. लोक तुम्हाला दुवा देतायत."

अमोसने कपाळ भिंतीला टेकवलं. बस झालं. एखादा मुका जीव तिथे तारेत तडफडत असेल आणि आपण इथे शिंपले वेचतोय. नेलीला सांगायचं आणि दुपारच्या गाडीने परत जायचं. ती रडेल. न रडता बॅग भरायला लागेल, ते तर आणखी वाईट.

जिन्याची पहिली पायरी तो चढला आणि फोन वाजला.

"मास्तर! सापडला!" सिरिल ओरडला. "रिकामा होता. एक केससुद्धा नव्हता त्यात. काढून ठेवला. आता मजा करा."

दुपारी खानावळीत अमोसने मासा मागवला, तो खाल्ला आणि दुसरा मागवला. नेलीने काटा खाली ठेवला.

"अमोस, डॉक्टर काय म्हणाले, खरं सांग. शेवटचं म्हणून खातोयस का?"

"कुठले डॉक्टर?"

"ज्यांना सारखा फोन करतोस ते!" तिचे डोळे भरून आले होते.

अमोसच्या घशात मासा अडकला. मग त्याने सगळं सांगून टाकलं. भगदाड, बस, सिरिल, पेज. नेली आधी डोळे पुसत ऐकत होती, मग हसायला लागली, इतकी की शेजारच्या टेबलावरचेही हसू लागले. आणि मग एकदम पुढे वाकली.

"सिरिलला सापडला? कुठे?"

"तिथेच. भगदाडापाशी."

नेलीने मांडीवरची पर्स उघडली. रुमाल बाजूला केला, औषधाची बाटली बाजूला केली, आणि चिखलाने माखलेली तार खुंटीसकट टेबलावर ठेवली.

"बसची हाक मारायच्या आधी मी आईच्या थडग्यावर फुलं ठेवायला गेले होते. तू काढायचा विसरलेला दिसला, म्हणून उपटून घेतला."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू बाकीच्या जागा पुन्हा तपासत बसला असतास, आणि बस गेली असती."

हे खरं होतं. त्यामुळे अमोसने त्यावर वाद घातला नाही. पण त्याचा चेहरा लाल होत गेला. "म्हणजे सिरिल खोटं बोलला! न बघता बघितलं म्हणाला! फासे लावणाऱ्याने चोरी केलेली चालेल, नेली, पण हे चालत नाही!" आणि तो तडक टॅटरसॉल बाईंच्या बोळात गेला. नेली मागोमाग.

"सिरिल, सापडलेल्या फाशाची खुंटी कुठल्या लाकडाची होती?"

पलीकडून सिरिलच्या खाकरण्याचा आवाज आला.

"लाकडाचीच होती, मास्तर."

"सिरिल!"

"चूक झाली," सिरिल हळूच म्हणाला. "नेलीकाकूंनी पहिल्यांदा समुद्र बघितला, आणि फासा सापडेना म्हणून तुम्ही अर्ध्यातच परत आला असतात. सगळ्यांनी मिळून ठरवलं, तुम्हाला सापडला म्हणून सांगायचं. पण शोधणं थांबवलं नाही हो! शपथ. अजून सगळे गुडघ्यांवरच आहेत. सापडेपर्यंत कुणी घरी जाणार नाही. पाद्रीबाबा तर झोपूनच शोधतायत, त्यांना उठता येत नाही."

अमोसला रागवायचं होतं. पण गुडघ्यांवर बसलेल्या अख्ख्या गावाला रागवायचं तरी कसं? त्याने फोन नेलीकडे दिला.

"सिरिल, बाळा, फासा माझ्या पर्समध्ये आहे," नेली म्हणाली. पलीकडे सिरिलने ही बातमी पोस्टाच्या खिडकीतून ओरडून सगळ्यांना सांगितली. त्यावर लोक जे म्हणाले ते चर्चच्या आवारात म्हणायचं नसतं. नेलीने ते शांतपणे ऐकून घेतलं. "बरं, सगळे खाली बसलेलेच आहात, तर आईच्या दगडाभोवतालचं गवत तेवढं उपटून टाका."

टॅटरसॉल बाई दाराआड होत्या. "म्हणजे ससे?" त्यांनी विचारलं.

"ससेच," अमोस म्हणाला.

बाईंनी श्वास सोडला. दुसऱ्या दिवशी अंडं एकच मिळालं.

पण त्या सोमवारी नाश्त्याच्या आधीच, पहाटे, अमोसला सवयीने जाग आली. तो चोरपावलांनी उठला. नेली कोट घालून खिडकीपाशी बसलेली होती.

"कुठे निघालास?"

"कुठे नाही. बघायला काहीच नाही आज."

"मग चल, तेच बघून येऊ."

दोघं कड्यावरच्या गवतातून चालत गेली. खाली समुद्र उजळत होता. परतीची गाडी दुपारची होती आणि नेली त्याबद्दल एक शब्द बोलत नव्हती. पुढे गवतात एक गलेलठ्ठ ससा चरत होता. त्याने मान वर करून दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा खायला लागला.

अमोस थांबला. सशाची जायची-यायची वाट त्याने नजरेनेच मापली. "त्या दगडाच्या डावीकडे," तो पुटपुटला. "तिथे लावला असता."

"पर्समध्ये आहे एक. काढू?"

"नको. लावला, की उद्या उजाडताच बघायला हवा." अमोस दोन पावलं पुढे गेला आणि थबकला. "आणि उद्या बघायचा, तर उद्यापर्यंत इथेच राहायला हवं."

नेलीने त्याच्याकडे बघितलं. मग समुद्राकडे बघितलं.

"पण दुसऱ्याच्या जमिनीवर न विचारता फासा लावायचा नसतो," अमोस गंभीरपणे म्हणाला. "आधी मालकाला विचारायला पाहिजे."

"मालक कोण, तेही आपल्याला ठाऊक नाही," नेली म्हणाली.

"ठाऊक नाही ना."

"म्हणजे शोधावा लागेल." तिने त्याच्या हातात हात अडकवला. "त्यातच दोन-तीन दिवस जातील."